चिमटीत काय येतंय ते आधी बघा

मागच्या अंकात म्हटलं होतं त्वचेबद्दल काहीही विचारा. मला वाटलं मुरुम, वांग, केस गळणं हेच येईल, पण निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर, सैल पडलेली कातडी. कोणी म्हणतं लोंबतेय, कोणी म्हणतं ओघळलीय, एकीने तर लिहिलंय की "माझी कातडी मला दोन मापं मोठी होतेय". याहून नेमकं वर्णन मलाही जमलं नसतं. पत्रं थोडी आटोपशीर केलीत, नावं काढलीत. उत्तरं काही लांबलीत, काही तुटक आहेत, कारण प्रश्नच तसे आहेत.

प्रश्न : डॉक्टर, वय ३८. सव्वा वर्षात ३४ किलो वजन उतरवलं, खाण्यावर ताबा आणि चालणं, बाकी काही नाही. शुगर नॉर्मल झाली, गुडघे दुखायचे थांबले, सगळं छान, पण पोट आणि दंड बघवत नाहीत. हात वर केला की दंडाखाली नुसती पिशवी हलते. जाड होते तेव्हा बिनधास्त स्लीव्हलेस घालायचे आणि आता घालत नाही, गंमत बघा. सगळे सांगतात पाणी पी, व्यायाम कर, आपोआप आवळेल. खरंच आवळेल का?

उत्तर : थोडी आवळेल, सगळी नाही. हे आधीच सांगते म्हणजे पुढचं नीट वाचाल.

आता एक काम करा. आरशासमोर नको, आरशासमोर माणूस स्वतःशी भांडतच असतो. बसल्या जागी दंडाखाली जे लोंबतंय ते अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरा. पातळ, चुरगळलेल्या मऊ कापडासारखं काही हातात आलं आणि दोन बोटं जवळजवळ एकमेकांना टेकली, तर ती नुसती कातडी. जाड गुबगुबीत वळी आली तर आत अजून चरबी आहे. बहुतेकांचं मिसळलेलं असतं, दंडाला एक आणि पोटाला दुसरं असंही असतं, म्हणून दोन्हीकडे करून बघा. चरबी अजून उतरू शकते, व्यायामाने, खाण्याने. कातडीचं तसं नाही, तिचं गणित वेगळं.

आपल्याला जी त्वचा दिसते ती वरची पातळ पापुद्र्यासारखी, खरा भार असतो तिच्या खालच्या थरावर, त्याला डर्मिस म्हणतात. तिथे दोन प्रकारचे धागे असतात. कोलॅजन म्हणजे सुतळी समजा, मजबूत, ताण सोसणारी. इलास्टिन म्हणजे पायजम्याचं इलॅस्टिक, ताणलं की परत जागेवर येणारं. शरीर कोलॅजन आयुष्यभर बनवत राहतं, वय वाढेल तसं कमी कमी, पण बनवतं. इलास्टिन मात्र जवळजवळ सगळं आईच्या पोटात आणि लहानपणी बनून जातं, मोठेपणी नवं आणि चांगलं इलास्टिन नावापुरतंच बनतं. आता जी कातडी दहा-पंधरा वर्षं ताणलेली राहिली तिचं इलॅस्टिक सुटलेलं असतं, आणि सुटलेलं इलॅस्टिक पाणी पिऊन आवळत नाही हो. पाणी प्या, तहान लागली की प्या, पण त्या आशेने नको.

किती आवळेल ते वयावर, किती वर्षं वजन जास्त होतं त्यावर, उन्हात किती राहिलात, सिगरेट ओढता का आणि आईवडिलांकडून कशी त्वचा मिळाली यावर ठरतं. यातलं निम्मं आपल्या हातात नाही, त्यामुळे मैत्रिणीची आवळली आणि माझी नाही याचं वाईट वाटून घेऊ नका.

हातात आहे ते म्हणजे वजन उचलणं. तुम्ही फक्त चाललात, तर चरबीबरोबर थोडा स्नायूही गेला असणार आणि आतून भरलेलं काहीच उरलं नाही म्हणून पिशवी जास्तच रिकामी दिसते. दंडाच्या मागचा स्नायू भरला की खालची लोंबती बाजू थोडी वर धरली जाते. जपानमध्ये व्यायाम न करणाऱ्या मध्यमवयीन बायकांवर १६ आठवड्यांचा एक अभ्यास झाला, २०२३ ला छापून आला. सायकलिंग करणाऱ्या गटात आणि वजनं उचलणाऱ्या गटात दोन्हीकडे त्वचेची लवचिकता सुधारली, पण डर्मिसची जाडी वाढली ती फक्त वजनं उचलणाऱ्यांत. छोटा अभ्यास आहे, चमत्कार म्हणून बघू नका, पण दिशा बरोबर आहे. आठवड्यातून दोन-तीनदा, कोणाकडून तरी नीट शिकून. सोबत प्रोटीन, वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १.२ ते १.६ ग्रॅमच्या आसपास, किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारून.

मग थांबा. वजन स्थिर झाल्यावरही वर्षभर, कधी दोन वर्षं कातडी हळूहळू जुळवून घेत असते. त्यानंतर जे उरेल ते उरेल, ते व्यायाम कमी पडला म्हणून उरलं असं कोणी म्हणालं तर त्यांना हा अंक द्या. स्लीव्हलेसचं काय ते तुम्ही बघा, मी असते तर घातलं असतं.

प्रश्न : मला आठ महिन्यांचं बाळ आहे. वजन पूर्वीएवढं झालंय तरी पोट असं दिसतं की लोक विचारतात दुसरं का? एका ठिकाणी मशिनने स्किन टाइटनिंगच्या दहा सिटिंगचं पॅकेज सांगितलंय, डिस्काउंट या आठवड्यापुरताच आहे म्हणे. घेऊ का?

उत्तर : डिस्काउंट जाऊ दे. आधी जमिनीवर सतरंजी टाकून उताणी झोपा, गुडघे दुमडा, एका हाताची बोटं बेंबीच्या थोडी वर आडवी ठेवा आणि फक्त डोकं आणि खांदे हलकेच उचला, उठून बसायचं नाही. बोटांखाली दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा आवळताना जाणवतील. मधल्या फटीत किती बोटं मावतात? बेंबीवर आणि बेंबीखाली पण बघा. दोन बोटांपेक्षा जास्त फट असेल, किंवा उठताना पोटाच्या मधोमध उभा उंचवटा येत असेल, तर तुमचा प्रश्न कातडीचा नसून स्नायूंचा आहे. पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली पट्टी गरोदरपणात ताणली जाते आणि काही जणींची परत नीट जवळ येत नाही, डायस्टॅसिस म्हणतात त्याला.

यावर मशिन काय करणार? मशिन तापवतं कातडी, आणि सैल झालीय आतली भिंत.

हे मी एवढं ठासून सांगतेय कारण मी स्वतः चुकलेय यात. सुरुवातीच्या काळात एक बाई आल्या होत्या, जुळ्या मुलांची आई, मी पोटाची कातडी बघितली, स्ट्रेच मार्क्स बघितले आणि पाच सिटिंग केली. त्यांना झोपवून डोकं उचलायला सांगायचं मला सुचलंच नाही. पाचव्या सिटिंगनंतर त्या मशिनच्या बेडवरून उठत होत्या आणि मधोमध होडी उलटी ठेवावी तसा उंचवटा आला, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पैसे परत केले, पण त्यांचे सहा महिने गेले ते गेलेच.

तर आधी फिजिओथेरपिस्ट गाठा, शक्यतो बाळंतपणानंतरच्या व्यायामाचा अनुभव असलेली. श्वास सोडत पोट आत ओढण्याचे, ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम असतात, दिसायला अगदी साधे. तोपर्यंत जोरजोरात सिट-अप्स मारू नका. बेंबीपाशी मऊ गाठ येत-जात असेल, दुखत असेल तर हर्निया नाही ना हे सर्जनला दाखवा. फट खूप मोठी राहिली, पाठ दुखत राहिली तर ऑपरेशनने ते स्नायू शिवता येतात, पण ते पुढे मूल नको हे ठरल्यावर आणि अंगावरचं दूध सुटून काही महिने झाल्यावर. आठ महिने म्हणजे अजून काहीच नाही. लोक विचारतील, विचारू देत.

प्रश्न : वय ५२, पुरुष. गळ्याची कातडी लोंबायला लागलीय. बायकोने कोलॅजन क्रीम आणलं, मुलीने कोलॅजन पावडर मागवली, दोघींचं भांडण चालू आहे. कोणाचं ऐकू?

उत्तर : घरात शांतता हवी असेल तर दोघींचं. त्वचेचं म्हणाल तर सनस्क्रीनचं.

कोलॅजनचा रेणू प्रचंड मोठा असतो, वजन ३ लाख डाल्टनच्या घरात (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप), आणि अखंड त्वचेतून आत शिरायला रेणू साधारण ५०० डाल्टनच्या आत असावा लागतो. म्हणजे ते क्रीम वरच बसतं, मऊ वाटतं, ओलावा धरतं, तेवढंच. चांगलं मॉइश्चरायझर म्हणून लावा, हरकत नाही. पावडरमधलं कोलॅजन तुकडे केलेलं असतं, ते पचतं आणि त्याची अमिनो आम्लं होतात, छोटे पेप्टाइड होतात, ते गळ्याच्याच कातडीकडे जा असं त्यांना कोणी सांगत नाही. काही अभ्यासांत त्वचेचा ओलावा आणि लवचिकता थोडी सुधारलेली दिसते पण त्यातले बरेच अभ्यास विकणाऱ्या कंपन्यांच्याच पैशावर झालेत, त्यामुळे मी स्वतः तरी विकत घेत नाही. आणि लोंबलेला गळा वर चढेल असं तर त्या अभ्यासांतही कोणी म्हणत नाही.

क्रीममध्ये ज्याला खरा आधार आहे ते ट्रेटिनोइन, व्हिटॅमिन ए च्या घराण्यातलं. मुरुमांसाठी वापरायचे, मग १९८० च्या दशकात लक्षात आलं की उन्हाने खराब झालेल्या त्वचेत ते नवं कोलॅजन बनवायला लावतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. रात्री, वाटाण्याएवढंच, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, गळ्याला तर अजून जपून कारण तिथली कातडी पातळ, लगेच लाल होते, सोलते. घाई केली तर तिसऱ्या दिवशी तुम्ही ट्यूब फेकून द्याल. फरक दिसायला चार-सहा महिने, आणि फरक म्हणजे बारीक सुरकुत्या, पोत, रंग. लोंबणं नाही. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं ते रेटिनॉल, त्याच घराण्यातलं पण सौम्य. गरोदर बाईने यातलं काहीच लावायचं नाही, तुमच्या घरात हे मुलीला लागू होऊ शकतं म्हणून लिहून ठेवते.

आणि सनस्क्रीन. उन्हातले यूव्हीए किरण डर्मिसपर्यंत पोचतात आणि तिथे कोलॅजन कापणारी एन्झाइम जागी करतात, ढगाळ दिवशी आणि काचेतूनसुद्धा. ऑस्ट्रेलियात ९०३ लोकांवर साडेचार वर्षं चाललेला अभ्यास २०१३ मध्ये छापला गेला, रोज लावणाऱ्या गटात त्वचेचं वय वाढणं मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरलं. एसपीएफ ३० किंवा जास्त, यूव्हीएपासून पण वाचवणारं, आणि गळ्याला, कानामागे, मानेला सुद्धा. पुरुष मंडळी तोंडाला दोन बोटं पुसतात आणि हनुवटीखाली जातच नाहीत, मग तिथलंच विचारतात.

प्रश्न : मी ५३ वर्षांची. पाळी जाऊन तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत जबड्याची रेषच गेली, गाल खाली आलेत. आरएफ करू की हायफू? ऑपरेशनची भीती वाटते. फेशियल योगाने होतं का?

उत्तर : तीन वर्षांत झालं असं वाटतंय ना, ते नुसतं वाटणं नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन उतरतं आणि पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन साधारण ३० टक्के कमी होतं, नंतर वर्षाला दोनेक टक्के. शिवाय चेहऱ्यात फक्त कातडी सैल होत नाही, गालातली चरबी सरकते, कमी होते, जबड्याचं हाडही वयानुसार थोडं झिजतं. तंबूचा खांब आखूड झाला की कापड लोंबतं, मग कापड कितीही आवळा.

आरएफ म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सी, वरची त्वचा थंड ठेवून आतला थर तापवतात. हायफू म्हणजे अल्ट्रासाउंड एका बिंदूवर जमवून आत दीड, तीन, साडेचार मिलिमीटरवर ६० ते ७० अंशांचे बारीक चटके. दोन्हीत कल्पना एकच, कोलॅजन तापलं की आकसतं आणि शरीराला वाटतं जखम झाली, मग पुढचे तीन ते सहा महिने ते नवं कोलॅजन भरत बसतं. अशी मशिन काल-परवाची नाहीत, अमेरिकेत आरएफला २००२ मध्ये आणि अल्ट्रासाउंडला २००९ मध्ये मान्यता मिळाली.

आता माझं मत. थोडी सैल, पस्तीस ते पन्नाशीच्या आसपास, चेहरा भरलेला नाही आणि सुकलेला पण नाही, अशांना फरक दिसतो. फरक म्हणजे ओळखीच्या बाईने म्हणावं "काय ग, झोप छान झाली का", एवढा. जबड्याखाली ठळक घडी आली असेल तर मशिनवर खर्च करत राहणं म्हणजे ऑपरेशनचे पैसे हप्त्याने भरून ऑपरेशन न करणं. कुठल्या गटात आहात ते कळायला आडवं झोपून हातात आरसा धरा. झोपल्यावर चेहरा दहा वर्षांनी लहान दिसत असेल तर ओघळ जास्त आहे आणि मशिनला जमणार नाही, फारसा फरक नसेल तर मशिन विचारात घ्यायला हरकत नाही. ही माझी घरगुती चाचणी आहे, पुस्तकातली नाही.

चेहरा आधीच बारीक असेल तर खोल उष्णतेपासून सांभाळा, चरबी वितळून गाल बसलेले मी बघितलेत आणि गेलेली चरबी परत आणणं सोपं नाही. सुया टोचत आरएफ देतात त्या प्रकारात भाजणं, व्रण राहणं, चरबी जाणं, नसेला इजा होणं हे सगळं झालेलं आहे, म्हणून मशिन कोण चालवणार हे मशिनच्या नावाआधी विचारा. पेसमेकर असेल तर आरएफ नाही. आणि तुमच्यासारख्या रंगाच्या किती चेहऱ्यांवर केलंय, बिघडलं तर बघणारे डॉक्टर त्याच जागी असतात का, हे विचारल्यावर समोरचा चिडला तर पर्स उचला आणि घरी या.

फेशियल योगावर, म्हणजे चेहऱ्याच्या व्यायामांवर, २०१८ मध्ये एक छोटा अभ्यास आला होता, २० आठवडे रोज किंवा दिवसाआड अर्धा तास, शेवटपर्यंत टिकल्या १६ बायका, गाल थोडे भरलेले दिसले. अर्धा तास रोज देऊ शकत असाल तर करा, नुकसान नाही. जबड्याची रेष त्याने येत नाही.

प्रश्न : बॅरिएट्रिक सर्जरी (वजन उतरवण्यासाठी पोटाचं ऑपरेशन) होऊन पंधरा महिने झाले, ६१ किलो गेले. वय ४१, पुरुष. पोटाची घडी मांडीवर येते, पँटमध्ये कोंबावी लागते, पळताना आपटते. लायपोसक्शनने काढता येईल का, म्हणजे मोठी चिरफाड नको.

उत्तर : नाही येणार. लायपो म्हणजे नळीने चरबी ओढून घेणं, उशीतला कापूस काढावा तसं, अभ्रा तेवढाच राहतो, उलट जास्त लोंबतो. तुमच्या चिमटीत रिकामा अभ्राच आहे. तो कापावाच लागेल.

यात दोन प्रकार येतात. एकात फक्त लोंबती घडी कापतात, वर हात लावत नाहीत. दुसऱ्यात, ज्याला टमी टक म्हणतात, ओटीपोटावर एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद देतात, कातडी बरगड्यांपर्यंत मोकळी करतात, स्नायू शिवतात, कातडी खाली ओढून जास्तीची कापतात आणि बेंबी नव्या भोकातून बाहेर काढतात. दोन ते चार तास, पूर्ण भूल. खाली एक-दोन नळ्या ठेवतात, त्यातून पाणी बाटलीत जमतं, आणि पहिले काही दिवस तुम्ही ती बाटली हातात धरून, कमरेत वाकून, घरात म्हाताऱ्यासारखे फिरणार आहात, याची कोणी आधी कल्पना देत नाही म्हणून मी देतेय. सरळ उभं राहायला आठवडा-दोन आठवडे लागतात. बसून करायचं काम दोन ते चार आठवड्यांनी, जड उचलणं सहा आठवड्यांनी, तोवर घट्ट पट्टा.

व्रण राहतोच. कोणी "दिसणारच नाही" म्हणालं तर उठून या. सहा-आठ महिने लाल, टणक असतो, मऊ आणि फिका व्हायला वर्ष-दीड वर्ष. तुम्ही कातडी देऊन व्रण घेताय, हा सौदा आहे, आणि तुमच्यासारख्या घडीला मला तो चांगला सौदा वाटतो. थोड्याशा सैल पोटाला तोच सौदा महागात जातो. दंडाचं ऑपरेशन पण असतं, त्यात व्रण काखेपासून कोपरापर्यंत येतो, तिथे पुरुष असो की बाई दोनदा विचार करावा.

आता तुमची तयारी. वजन किमान सहा महिने हललेलं नको, अजून उतरत असेल तर थांबा, नाहीतर पुन्हा लोंबेल. पंधरा महिने झालेत म्हणजे वेळ साधारण आलीय. हिमोग्लोबिन, प्रोटीन, बी१२ तपासून घ्या, बॅरिएट्रिकनंतर हे कमी असतं आणि कमी असेल तर जखम उसवते. सिगरेट ऑपरेशनच्या आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद, अर्धी नाही आणि दुसऱ्याची पण नाही, कारण निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा आटतो आणि कड अक्षरशः काळी पडते. कातडीखाली पाणी साचणं, जखम थोडी उघडणं, बेंबीखाली बधिरपणा हे होतं आणि बहुतेकदा निभावतं. न निभावणारी गोष्ट म्हणजे पायात रक्ताची गुठळी. म्हणून पहिल्याच दिवसापासून चालवतात, कंटाळा करू नका. पोटरी एकाच बाजूची सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर फोन करून विचारत बसायचं नाही, थेट इमर्जन्सी.

पोट, मांड्या, छाती, दंड सगळं एकाच दिवशी उरकून घ्यायची घाई असते लोकांना. तीन-तीन महिन्यांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने करा. पहिल्या टप्प्यानंतर बरेच जण म्हणतात, बास, एवढंच टोचत होतं.

प्रश्न : आईच्या पोटाच्या घडीखाली लाल होतं, खाज, वास येतो. तिला डायबेटिस आहे. पावडर टाकतो पण वाढतंच.

उत्तर : घाम, घर्षण आणि दमट काळोख, त्यात बुरशीची भर. पावडर घामात भिजते, गोळे होतात आणि ते घासतात, म्हणून वाढतंय. सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्याने धुवा, चोळू नका, मऊ कापडाने टिपा, दोन मिनिटं घडी उचलून धरून पंख्याखाली हवा लागू द्या. मग बुरशीचं क्रीम, पण ते डॉक्टरांना दाखवून, कारण घरात पडलेली स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली की दोन दिवस बरं वाटतं आणि नंतर दुप्पट पसरतं. बरं झाल्यावर घडीत सुती कापडाची पट्टी ठेवा, ओली झाली की बदला. शुगर जास्त असेल तर वरून काहीही लावलं तरी परत येणार. जखम झाली, पू आला, ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : मी १९ वर्षांची, वजन कधीच जास्त नव्हतं. माझी गालाची आणि कोपराची कातडी खूप ताणली जाते, मैत्रिणींना दाखवते तर सगळ्या ओरडतात. अंगठा पण मनगटाला टेकतो. हे काही आजार आहे का?

उत्तर : असू शकतं, घाबरू नकोस पण मैत्रिणींना दाखवणं थांबव आणि डॉक्टरांना दाखव. ताणून सोडल्यावर फटकन परत जाते की लोंबत राहते? परत जाते आणि सांधे पण जास्त वाकतात, तर एहलर्स-डॅनलॉस नावाच्या आजारांच्या गटाचा विचार करतात, कोलॅजनच्या घडणीतच जन्मतः फरक असतो. लोंबत राहते तर क्युटिस लॅक्सा, ते फारच दुर्मिळ आणि त्यात बिघाड इलास्टिनचा. साध्या खरचटण्याने मोठी जखम होते का, कागदासारखे पातळ व्रण राहतात का, सांधे निखळतात का, घरात कोणाला असं आहे का, लिहून ने. काही प्रकारांत रक्तवाहिन्या नाजूक असतात म्हणून हृदयाची तपासणी पण सांगतील. नुसतेच लवचिक सांधे असलेले लोक पण खूप असतात, तेच निघालं तर छानच.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. वरच्या पापण्यांची कातडी डोळ्यावर आलीय, वाचताना भुवया वर उचलून धरतात, संध्याकाळी कपाळ दुखतं. या वयात हे सौंदर्याचे लाड करावेत का?

उत्तर : हे लाड नाहीत, दिसत नाहीये त्यांना. नेत्रतज्ज्ञांकडे नजरेचं क्षेत्र मोजून घ्या, पापणी बोटाने उचलून आणि न उचलता. फरक निघाला तर जास्तीची कातडी काढायचं ऑपरेशन बहुधा भूल फक्त पापणीला देऊन होतं, त्याच दिवशी घरी, आणि व्रण घडीत लपतो. पण दोन्ही डोळ्यांना हळूहळू आलं असेल तरच हे. एकच पापणी अचानक पडली, दोन-दोन दिसायला लागलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर ती कातडी नव्हे, तेव्हा तासभरसुद्धा वाट बघू नका.

प्रश्न : वय ७४. हाताच्या मागची कातडी चिमटीत धरून सोडली की तशीच उभी राहते, मुलगा म्हणतो अंगातलं पाणी कमी झालंय, दिवसभर पाणी पाजतो. रात्री तीनदा उठावं लागतं. काय करू?

उत्तर : मुलाने कुठेतरी वाचलंय, आणि तरुण माणसात ते चालतं. तुमच्या वयात हाताची कातडी पातळ झालेली असते, इलॅस्टिक सुटलेलं असतं, भरपूर पाणी पिऊन आलात तरी ती उभीच राहणार. माझ्या आईच्या हाताला पण असंच होतं, ती टीव्ही बघता बघता डोंगर करते आणि मोजते किती वेळ टिकतो. चाचणी करायचीच तर कपाळावर किंवा गळ्याच्या हाडाखाली करा, आणि त्यापेक्षा जीभ कोरडी आहे का, लघवी गडद होतेय का, उठल्यावर चक्कर येते का हे बघा. हे काही नसेल तर दिवसा हवं तेवढं प्या आणि संध्याकाळनंतर कमी करा. हृदयाची किंवा लघवीची गोळी चालू असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा, मुलाला नाही. तरी तीनदा उठावं लागलंच तर शुगर आणि प्रोस्टेट किंवा मूत्राशय एकदा तपासून घ्या.